घाटमाथ्यावर साठवलेली वीज

कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीच्या मुख्य रांगेला चिकटून सुमारे ६५ किलोमीटर दक्षिणेकडे वाहते. हेळवाकला ती एकदम पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. दख्खनच्या बहुतेक नद्या उगमापासूनच पूर्वेची वाट धरतात. कोयना मात्र आपला निम्मा प्रवास कड्याच्या आडोशाने करते. त्या कड्याच्या पलीकडे रत्नागिरी जिल्हा सुरू होतो. कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण तालुक्यातली पोफळी, कोळकेवाडी, अलोरे ही गावे लागतात. कोयनेच्या पात्रापासून ती अवघ्या काही किलोमीटरवर आहेत, पण जवळजवळ पाचशे मीटर खाली. एवढ्या थोड्या अंतरात एवढा मोठा उतार आणि माथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळणारा पाऊस, या दोन गोष्टींवर रत्नागिरी जिल्ह्याचा वीजनिर्मितीचा इतिहास उभा आहे.

आज कर्बमुक्त ऊर्जेची चर्चा सौरपट्ट्या, पवनचक्क्या आणि हायड्रोजन यांच्याभोवती फिरते. या चर्चेतला अवघड प्रश्न निर्मितीचा नाही, साठवणीचा आहे. सूर्य संध्याकाळी मावळतो, वारा आपल्या लहरीने वाहतो, आणि घराघरांतले दिवे नेमके संध्याकाळी लागतात. दुपारची वीज रात्रीपर्यंत, पावसाळ्याची वीज उन्हाळ्यापर्यंत कशी राखून ठेवायची, या प्रश्नाचे एक उत्तर म्हणून जगभर हायड्रोजनकडे पाहिले जाते. कोयना प्रकल्पाने हाच प्रश्न साठ वर्षांपूर्वी पाण्याच्या साहाय्याने सोडवायला घेतला होता. त्यामुळे नव्या तंत्रज्ञानाच्या शक्यता आणि मर्यादा समजून घेण्यासाठी पोफळीचा इतिहास उपयोगी पडतो.

पूर्वेला वाहणारे पाणी घाटमाथ्यावर अडवायचे आणि पश्चिमेला कोकणात सोडून त्यावर चक्रे फिरवायची, ही कल्पना पोफळीच्या आधीची आहे. टाटा कंपनीने लोणावळ्याच्या परिसरातले पाणी खाली आणून १९१५ मध्ये खोपोलीला वीज निर्माण केली. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही केंद्रे सुरू झाली. भिऱ्यासाठी मुळशीचे धरण बांधताना सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. धरणाखाली जमीन जाणाऱ्यांचा हा लढा जगातल्या अशा पहिल्या लढ्यांपैकी एक मानला जातो. कोयनेच्या खोऱ्याकडेही टाटांचे लक्ष पहिल्या महायुद्धाच्या सुमारास गेले होते. पाहण्या झाल्या, पण पुढे मंदीने योजना मागे पडली. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्य सरकारने ती हाती घेतली. १९५३ मध्ये मंजुरी मिळाली, १९५४ मध्ये काम सुरू झाले आणि १९५९ मध्ये जागतिक बँकेने अडीच कोटी डॉलरचे कर्ज दिले.

हेळवाकजवळ रबल काँक्रीटचे १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले. त्याच्या मागे शिवसागर जलाशय पसरला. त्याची क्षमता आज १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. धरणाची भिंत सातारा जिल्ह्यात, पण वीज तयार होते ती रत्नागिरी जिल्ह्यात. जलाशयातून नवजाजवळ उचललेले पाणी सुमारे पावणेचार किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला येते. कड्याच्या आत ते पोलादी अस्तराच्या उभ्या नळांतून खाली झेपावते आणि डोंगरातच कोरलेल्या वीजगृहातील पेल्टन चक्रांवर आदळते. डोंगर पोखरून एवढे मोठे दालन करायचे, त्यात यंत्रे उतरवायची आणि माणसांना वर्षानुवर्षे तिथे काम करता येईल अशी हवा-उजेडाची सोय करायची, हे त्या काळातल्या भारतीय अभियंत्यांसाठी फार मोठे धाडस होते. बोगदे खोदणाऱ्या मजुरांचे कष्ट त्यात तेवढेच आहेत, जरी त्यांची नावे कुठल्या कोनशिलेवर नसली तरी. १९६२ मध्ये पोफळीचा पहिला संच सुरू झाला. पहिल्या दोन टप्प्यांची क्षमता यंत्रांच्या पुढील सुधारणांनंतर ६०० मेगावॉट धरली जाते.

ही वीज मुख्यतः मुंबईसाठी होती. गिरण्या, ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने, वाढती उपनगरे या सर्वांना ती हवी होती. मनोऱ्यांच्या रांगा पोफळीहून उत्तरेला गेल्या. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाड्यांपर्यंत वीज पोहोचायला मात्र पुढे पुष्कळ वर्षे लागली. चिपळूणच्या डोंगरात वीज तयार होत असताना शेजारच्या गावात रॉकेलचा कंदील जळत होता, ही कोयनेच्या कथेची दुसरी बाजू आहे. तिसरी बाजू विस्थापितांची. शिवसागराखाली गावे गेलेली हजारो कुटुंबे सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे अशी दूरदूर विखुरली गेली. पर्यायी जमिनी आणि नागरी सुविधा यांसाठी त्यांच्या पुढच्या पिढ्यांना आंदोलने करावी लागली, आणि धरण होऊन अर्धशतक उलटल्यावरही ती थांबली नव्हती. कर्ब न सोडणारी वीज म्हणजे कुणालाच झळ न लावणारी वीज असे नव्हे, हे या जिल्ह्याच्या शेजाराने फार लवकर पाहिले.

कोयनेची थोडी वीज रत्नागिरीतच वापरण्याची एक योजना त्या काळात होती. १९६५ मध्ये केंद्र सरकारने भारत अ‍ॅल्युमिनियम कंपनी, म्हणजे बाल्को, स्थापन केली. तिच्या डोळ्यांसमोर दोन प्रकल्प होते: एक कोरबाचा आणि दुसरा कोयनेच्या विजेवर चालणारा रत्नागिरीचा. अ‍ॅल्युमिनियम विद्युत्‌ अपघटनाने मिळते. त्यासाठी विजेचा अखंड आणि मोठा पुरवठा लागतो, म्हणून जगभर असे कारखाने जलविद्युत केंद्रांच्या आसपास वाढले. कोरबाचा कारखाना झाला. रत्नागिरीचा झाला नाही, जमीन मात्र संपादित झाली.

पाण्यातून हायड्रोजन वेगळा करणे हेही विद्युत्‌ अपघटनच. भारतात ते मोठ्या प्रमाणावर १९६० च्या दशकातच झाले होते, पण कोयनेवर नाही, सतलजवर. भाक्रा-नांगलच्या विजेवर पंजाबातल्या नांगलच्या खत कारखान्यात पाण्याचे अपघटन करून हायड्रोजन मिळवला जाई आणि त्यापासून अमोनिया व खत तयार होई. त्याच हायड्रोजनातून जड पाणी वेगळे करणारे देशातले पहिले संयंत्र तिथे १९६२ मध्ये सुरू झाले, म्हणजे पोफळीचा पहिला संच फिरू लागला त्याच वर्षी. नॉर्वेत र्‍युकानजवळच्या वेमोर्क केंद्रावर अपघटनाने हायड्रोजन मिळवण्याचे काम १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून चालत होते. आज ज्याला हरित हायड्रोजन म्हणतात तो अशा रीतीने जुनाच आहे. तो मागे पडला याचे कारण तंत्रातली उणीव नव्हे. नैसर्गिक वायू आणि नाफ्त्यापासून हायड्रोजन स्वस्त मिळू लागला, आणि विजेला शहरांकडून अधिक किंमत व अधिक निकडीची मागणी येऊ लागली. कोयनेच्या विजेला मुंबईसारखे गिऱ्हाईक असल्यामुळे ती पाणी फोडण्यासाठी वापरावी असे कुणाला वाटण्याचे कारणच नव्हते.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे धरणाजवळचे कोयनानगर भूकंपाने हादरले. ६.३ तीव्रतेच्या त्या धक्क्यात सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली, वस्ती उद्ध्वस्त झाली, धरणाला भेगा गेल्या आणि मुंबईचा वीजपुरवठा खंडित झाला. दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर आहे ही तोवरची समजूत त्या पहाटे मोडली. जलाशय भरू लागल्यापासूनच परिसरात हादरे जाणवत होते. जलाशयाच्या पाण्यामुळे भूकंपाला चालना मिळण्याच्या जगातल्या उदाहरणांत कोयनेचे नाव आज सर्वांत आधी घेतले जाते, आणि खोल विंधन विवरे घेऊन शास्त्रज्ञ या भागाचा अभ्यास करतात. धरणाची भिंत मागून काँक्रीटचा आधार देऊन मजबूत करण्यात आली. ऊर्जा साठवायची तर ती कुठल्या तरी रूपात दाटून ठेवावी लागते, आणि दाटून ठेवलेल्या ऊर्जेची जोखीम पत्करावी लागते. पाणी असो, बॅटरी असो वा दाबाखालचा हायड्रोजन, हा नियम सर्वांना लागू आहे.

वीजनिर्मितीला दुसरी मर्यादा कायद्याने घातली. कोयनेचे पाणी मुळात कृष्णेचे, आणि कृष्णेवर खालच्या राज्यांचाही हक्क. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाच्या १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निवाड्याने पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची कमाल मर्यादा घातली. त्यानंतर अभियंत्यांसमोर जास्त पाणी मिळवण्याचा मार्ग उरला नाही. उरला तो त्याच पाण्यातून अधिक काम काढण्याचा आणि ते पाणी योग्य वेळी वापरण्याचा.

पहिले काम तिसऱ्या टप्प्याने केले. पोफळीच्या वीजगृहातून बाहेर पडणारे पाणी कोळकेवाडीच्या धरणात अडवून अलोऱ्याला आणखी शंभर मीटरहून अधिक खाली सोडले गेले आणि १९७५ नंतर तिथे ८० मेगावॉटचे चार संच सुरू झाले. एकच पाणी दोनदा वीज देऊ लागले. दुसरे काम चौथ्या टप्प्याचे. हा टप्पा १,००० मेगावॉटचा, २५० मेगावॉटच्या चार संचांचा. पण त्याला लवादाच्या मर्यादेपलीकडे एक थेंबही जास्त पाणी मिळाले नाही. मग एवढा खर्च कशासाठी? उत्तर घड्याळात होते. राज्यातली विजेची मागणी सकाळी आणि संध्याकाळी काही तासांतच उसळते. कोळशाची केंद्रे पटकन चढवता-उतरवता येत नाहीत. पाण्याची यंत्रे काही मिनिटांत पूर्ण क्षमतेने चालतात. म्हणून तेच पाणी दिवसभर थोडे थोडे सोडण्याऐवजी मागणीच्या तासांत एकदम सोडायचे, असे ठरले.

याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ६७.५ टीएमसी म्हणजे सुमारे १९१ कोटी घनमीटर पाणी. पोफळी आणि अलोरे मिळून सुमारे सहाशे मीटरचा उतार धरला आणि यंत्रांची नेहमीची घट वजा केली, तर एक घनमीटर पाणी जवळपास १.४ युनिट वीज देते. वर्षाचे उत्पादन साधारण पावणेतीन अब्ज युनिट होते. वर्षभर समान वाटून घेतले तर ही जेमतेम ३०० मेगावॉटची सरासरी झाली. पश्चिमेकडच्या संचांची एकत्र क्षमता मात्र १,९२० मेगावॉट आहे. म्हणजे यंत्रे सरासरीच्या सहापट मोठी आहेत आणि बराच काळ मुद्दाम थांबलेली असतात. कोयना हे वीजकेंद्र जितके आहे तितकेच ते महाराष्ट्राचे विजेचे कोठार आहे. धरणाच्या पायथ्याचे ४० मेगावॉटचे छोटे केंद्र धरून एकूण क्षमता १,९६० मेगावॉट भरते.

चौथ्या टप्प्यासाठी पाणी उचलायचे तर भरलेल्या जलाशयाच्या तळाला तोंड पाडावे लागणार होते, आणि मुंबईला वीज पुरवणारा जलाशय रिकामा करणे शक्य नव्हते. नॉर्वेत रुळलेली तळभेदाची पद्धत इथे वापरली गेली. बोगदा खालून जलाशयाच्या तळाच्या जवळ नेला, शेवटचा खडकाचा बूच शाबूत ठेवला, आणि १३ मार्च १९९९ रोजी सुरुंगांनी तो उडवून दिला. फुटलेला खडक त्यासाठी आधीच खोदलेल्या खड्ड्यात पडला आणि पाणी बोगद्यात शिरले. २५ एप्रिल २०१२ रोजी हाच प्रयोग अधिक खालच्या पातळीवर पुन्हा यशस्वी झाला. त्यामुळे उन्हाळ्यात जलाशय खाली गेला तरी चौथा टप्पा चालू ठेवता येऊ लागला. महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी इतिहासात या दोन दिवसांना जितके मानाचे स्थान मिळायला हवे तितके ते अजून मिळालेले नाही.

अलोऱ्याहून बाहेर पडणाऱ्या पाण्याला कोकणात कोयनेचे अवजल म्हणतात. ते वाशिष्ठी नदीत जाते. पूर्वी उन्हाळ्यात आटणारी वाशिष्ठी त्यामुळे बारमाही झाली, आणि लोटे-परशुरामच्या रासायनिक उद्योगांना व चिपळूण शहराला या पाण्याचा आधार मिळाला. ते पुढे मुंबईला न्यावे, कोकणातच सिंचनाला वापरावे, अशा योजना वारंवार मांडल्या गेल्या. बहुतांश पाणी आजही दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूण बुडाले तेव्हा अतिवृष्टी, भरती आणि गाळाने भरलेल्या पात्राबरोबरच कोळकेवाडीच्या विसर्गाचा प्रश्नही शहरात तीव्रतेने विचारला गेला. साठवणीच्या वेळापत्रकाशी खालच्या गावांचा जीव जोडलेला असतो, आणि ते वेळापत्रक त्यांना आधी समजले पाहिजे.

वाशिष्ठीच्या मुखाशी अंजनवेलला याच नदीवरची दुसरी वीजकथा घडली. एन्‍रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचा करार १९९२ च्या सामंजस्यापासून सुरू झाला, १९९५ मध्ये राज्य सरकारने तो रद्द केला, पुन्हा वाटाघाटी झाल्या आणि मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा चालू झाला. कोयनेचा चौथा टप्पा आणि दाभोळचा पहिला टप्पा एकाच वर्षी सुरू झाले, पण त्यांची रीत उलट होती. कोयना थांबली तर पाणी शिल्लक राहते. दाभोळचे यंत्र थांबले तरी करारानुसार स्थिर आकार द्यावाच लागे, म्हणजे वीज घेतली नाही तरी पैसे मोजायचे. नाफ्त्याची किंमत आणि रुपयाचा दर यांनी ती वीज आणखी महाग केली. मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला, त्याच डिसेंबरात एन्‍रॉनने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर या सार्वजनिक कंपनीने सुमारे १,९६७ मेगावॉटचे हे केंद्र ताब्यात घेतले. पुढे कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला वायू आटत गेला आणि केंद्र पुन्हा क्षमतेच्या फार खाली आले. एकाच नदीच्या दोन टोकांना जवळजवळ सारख्या क्षमतेची दोन केंद्रे आहेत, आणि बाहेरून इंधन आणावे लागणाऱ्या केंद्रापेक्षा पावसावरचे केंद्र अधिक भरवशाचे ठरले. त्यानंतर जिल्ह्यात जयगडला आयात कोळशावर १,२०० मेगावॉटचे केंद्र आले, तर जैतापूरजवळ ९,९०० मेगावॉटच्या अणुवीज प्रकल्पाची योजना मच्छीमार आणि बागायतदारांच्या विरोधामुळे व करारांच्या गुंत्यामुळे कागदावरच राहिली.

वाऱ्याची सुरुवातही याच किनाऱ्यावर झाली. १९८६ मध्ये देशातली पहिली पवनऊर्जा केंद्रे गुजरातेत ओखा, तमिळनाडूत तुतिकोरिन आणि महाराष्ट्रात रत्नागिरी-देवगड किनाऱ्यावर उभी राहिली. देवगड तालुका त्याआधी पाचच वर्षे रत्नागिरीतून नव्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात गेला होता. त्या डॅनिश चक्क्या प्रत्येकी ५५ किलोवॉटच्या होत्या. पोफळीच्या एका संचाची बरोबरी करायला तशा बाराशेहून अधिक लागल्या असत्या. किनाऱ्यावर शिकलेला धडा पुढे घाटमाथ्यावर कामी आला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पाटण तालुक्यातल्या वनकुसवडे पठारावर शेकडो पवनचक्क्या उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या पायथ्याशी शिवसागर आहे. तिथला वारा पावसाळ्यात सर्वांत जोमदार असतो, म्हणजे नेमका जलाशय भरण्याच्या दिवसांत. वारा वीज देत असेल तेव्हा पाणी राखून ठेवावे आणि वारा पडला की पाणी सोडावे, अशी जोडी निसर्गाने इथे जुळवून ठेवली आहे.

राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांसह मंजुरी दिली आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे लक्ष्य ठेवले. महाराष्ट्रानेही त्याच वर्षी आपले धोरण जाहीर केले. एक किलो हायड्रोजनला अपघटनात नऊ लिटर पाणी खर्च होते. शुद्धीकरण आणि थंड करण्यासाठी लागणारे धरून वीस लिटर मानले, तरी देशाच्या संपूर्ण लक्ष्याला लागणारे पाणी साडेतीन टीएमसीच्या आसपास होते. कोयनेच्या अवजलाचा तो विसावा हिस्सा. विजेचा हिशेब मात्र वेगळा आहे. किलोला पन्नासहून अधिक युनिट लागतात, म्हणजे कोयनेची वर्षभराची सगळी वीज ओतली तरी ५० हजार टनांच्या थोडे पुढे मजल जाते, लक्ष्याच्या एक टक्का. शिवाय त्या हायड्रोजनपासून पुन्हा वीज करायची तर मूळ विजेचा जेमतेम तिसरा हिस्सा किंवा थोडा अधिक हाती येतो. पाणी वर उपसून पुन्हा खाली सोडणाऱ्या उदंचन केंद्रात पाऊण हिस्सा परत मिळतो.

म्हणून हायड्रोजनची खरी जागा विजेचा साठा करण्यात कमी आणि जिथे वीज थेट चालत नाही अशा कामांत जास्त आहे: खत, पोलाद, तेलशुद्धीकरण, जहाजांचे इंधन. राजापूर तालुक्यातल्या नाणार आणि पुढे बारसूच्या ज्या तेलशुद्धीकरण प्रकल्पांना स्थानिकांनी विरोध केला, तसे कारखानेच आज हायड्रोजनचे मोठे ग्राहक आहेत, आणि तो नैसर्गिक वायूपासून काढताना किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. दिवस-रात्रीच्या साठवणीसाठी सह्याद्रीचा उतारच अधिक उपयोगी आहे. भिऱ्याला १९९० च्या दशकात आणि घाटघरला २००८ मध्ये उदंचन संच सुरू झाले. आता सौरऊर्जेच्या जोडीला घाटमाथ्यावर असे अनेक प्रकल्प प्रस्तावित आहेत. कोयनेला वरचा जलाशय आहे, खाली कोळकेवाडी आहे, मध्ये बोगदे आहेत. पण चौथ्या टप्प्याची यंत्रे एकाच दिशेने चालणारी आहेत आणि कोळकेवाडीचा साठा शिवसागराच्या मानाने फार लहान आहे. इथे पाणी वर चढवायचे तर नवी यंत्रे बसवावी लागतील, आणि पश्चिमेला आलेले पाणी पुन्हा पूर्वेला नेले तर लवादाच्या ६७.५ टीएमसीत ते कसे मोजायचे हे आधी ठरवावे लागेल.